दर उन्हाळ्यात कंबर धरते: कूलरची बादली, पाठीचे स्नायू आणि सहा वर्षांनी सापडलेला फॉल्ट

नागपुरात कूलर बाहेर निघाला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी पंप पाणी ओढत नाही, आणि पहिल्या पंधरवड्यात माझी कंबर धरते. पंपाचं निदान सोपं असतं. बहुतेक वेळा ताटीतल्या वुडवूलची काडी अडकलेली सापडते. कंबरेचं निदान व्हायला सहा वर्षं लागली. मागच्या मार्चमध्ये बायकोनं शेवटी विचारलंच, "कूलर आणि तुमचा पट्टा एकाच दिवशी काढायचा, की पट्टा आठ दिवसांनी?"

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचं काम करतो. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप वीज तोडणारं बटण, सारखा पडत असेल तर नव्या पोराला आम्ही पहिली गोष्ट सांगतो, की तो नुसता वर करून चहाला जायचं नाही. पडतो म्हणजे त्याचं काम तो चोख करतोय, लोड कुठं जास्त झाला ते शोध. पोरांना हे शिकवणारा मी, स्वतःच्या कंबरेचा एमसीबी मात्र सहा वर्षं गोळी घेऊन वर करत राहिलो.

ज्यांची कंबर वर्षातून दोन-तीनदा धरते, आठ-दहा दिवसांत सुटते आणि पुन्हा धरते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावलं ते, आणि स्वतःवर तपासून पाहिलं ते, एवढंच इथं आहे.

आधी हे बघा, मग पुढे वाचा

लघवी अडली किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा आणि मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मेडिकल, मेयो, जे मोठं रुग्णालय जवळ असेल तिथं जा. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेला असेल तर तिथं तासांचा हिशेब असतो. पाऊल उचललं जात नाही, चालताना चप्पल निसटते, हेही लवकर दाखवायचं लक्षण. कंबरदुखीसोबत ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरीच वर्षं चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, किंवा कुठल्याच कुशीवर थांबत नाही असं रात्रीचं दुखणं असेल तर डॉक्टर आधी, व्यायाम नंतर.

यातलं काही नाही? मग तुमची तक्रार बहुधा माझ्यासारखीच आहे. कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांत मोडलेलं, फाटलेलं असं एक ठळक कारण सापडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. म्हणजे गर्दी मोठी आहे, एकटं वाटून घेऊ नका.

सहा वर्षांत काय काय करून पाहिलं

पहिल्या वर्षी उसण भरली तेव्हा सासुरवाडीला होतो, काटोलकडे. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसानं पाय लावला की उसण जाते हे तिकडं सगळ्यांना माहीत. शेजारच्या एक आजी पायाळू. मला ओसरीवर पालथं झोपवलं, आजींनी टाच टेकवली, तीनदा दाबली. तिसऱ्या दिवशी मी चालायला लागलो. पुढची दोन वर्षं मी हे सगळ्यांना सांगत होतो. आता कळतं की अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप मोकळी होते. त्या काळात जो उपाय केला, त्याला श्रेय मिळतं. आजींबद्दल माझ्या मनात आदर आहेच, पण त्या हिशेबानं माझ्या गोळ्यांनाही तेवढंच श्रेय द्यावं लागेल.

दुसऱ्या वर्षी पट्टा. तिसऱ्या वर्षी कमरेला वजन लावून ओढणं, दहा दिवस. चौथ्या वर्षी एमआरआय. अहवालात चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्याच्या मधली चकती थोडी फुगल्याचं लिहिलं होतं. खालच्या मजल्यावरच्या भाऊंनी जिन्यातच निदान करून टाकलं, "गॅप आला असन तुह्या मणक्यात. माह्या साल्याले बी तसंच झालं होतं." मग वर्षभर मी गॅप आलेला माणूस म्हणून वावरलो. वाकायचं नाही, उचलायचं नाही, लग्नात पंगतीला जमिनीवर बसायचं नाही.

तो अहवाल मॅडमनी वाचला आणि बाजूला ठेवला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. त्यात पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, आणि विशीतल्या ३० टक्के पोरांच्याही. मी ५२ चा. "काका, केस पांढरे झाले म्हणून डोकं दुखतं का?" असं त्या म्हणाल्या. फुगलेली चकती कधी नस दाबते आणि पाय कळवळतो, तो प्रकार वेगळा. माझा पाय कधीच दुखला नव्हता.

पट्टा आणि वजन लावणं यांबद्दलही सांगून टाकतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिनं व्यायाम, नीट माहिती देणं, मालिश यांसारख्या गोष्टींना जागा दिली, आणि कमरेचे पट्टे व ट्रॅक्शन, म्हणजे तेच वजन लावून ओढणं, सरसकट वापरू नयेत असं सांगितलं. माझे पट्ट्याचे बाराशे रुपये गेले ते गेले.

लॉग ठेवला तेव्हा

मॅडमनी पहिल्या भेटीत व्यायाम दिलाच नाही. विचारलं, "कधी कधी धरली, ते सांगा." मला आठवेना. मग बायकोची कालनिर्णयवरची नोंद, माझ्या रजा आणि औषधांची बिलं जुळवून एका कागदावर तक्ता काढला. सहा वर्षांत अकरा वेळा. त्यातल्या सात वेळा एप्रिल ते जून. सातपैकी सहा वेळा सकाळी सहा ते सात. दोन वेळा कारखान्यात पोचल्या पोचल्या, पहिलं काम हातात घेताना. एकदा दिवाळीच्या साफसफाईत. आणि एकदा, मला लाज वाटते, मोजा उचलताना.

तक्ता पाहून आधी मलाच हसू आलं. सकाळी सहाला आमच्याकडे नळ येतो. नळ आला की मी कूलर भरतो. खिडकीत लोखंडी स्टँडवर मोठा डेझर्ट कूलर, मोरीत बादली. मोरीतून बादली उचलायची, कमरेतून डावीकडे वळायचं, छातीपर्यंत न्यायची आणि हात लांब करून कूलरच्या तोंडात ओतायची. पाच बादल्या. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत, आठ. झोपेतून उठल्यावर दात घासायच्याही आधी.

आता तो पायातला मोजा. तो फसवा आहे. मोज्याचं वजन काय असणार? पण त्याच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर चार तास वाळ्याच्या ताट्या बांधत बसलो होतो, उकिडवा, पुढे वाकून. एमसीबी ज्या क्षणी पडतो त्या क्षणी लावलेला दिवा गुन्हेगार नसतो, हे मी रोज सांगतो.

पाठीची वायरिंग

"मॅडम, ड्रॉइंगशिवाय आम्ही पॅनल उघडत नाही," असं मी म्हटल्यावर त्यांनी हसून कपाटातून मणक्याचं मॉडेल काढलं. मणके ३३. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५, मग त्रिकास्थीचे ५ जुळलेले आणि माकडहाडाचे साधारण ४. हा खांब एकटा उभा केला तर थोड्याशा वजनानं लटपटेल. त्याला उभं ठेवतात ते स्नायू, आणि ते तीन थरांत आहेत.

सगळ्यात वरचा थर, आरशात दिसतो तो, खरं तर हातांच्या मालकीचा. मानेपासून दोन्ही खांद्यांवर पसरून छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पतंगासारखा उतरणारा ट्रॅपेझियस. खांद्याच्या पात्याला मणक्याकडे ओढणारे दोन रॉम्बॉइड. पात्याचा वरचा कोपरा मानेला टांगून धरणारा लेव्हेटर स्कॅप्युली. चिंता वाढली की खांदे कानाकडे जातात त्यात याचा हात असतो. आणि लॅटिसिमस डॉर्सी. हा कमरेच्या पडद्यापासून, म्हणजे कमरेच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणापासून, आणि कमरेच्या हाडाच्या कडेपासून निघून थेट दंडाच्या हाडाच्या पुढच्या अंगाला जाऊन चिकटतो. हातांच्या खुर्चीवर बसा, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात खाली दाबा, काखेच्या मागची जाड कड ताठ होईल. तीच ती. शिडी चढताना शरीर वर ओढतो तो हाच. कंबरेच्या पडद्यातून सुरू झालेला स्नायू दंडाला जोडलेला आहे, म्हणजे लांब हातानं बादली ओतताना कंबर ओढली जाणारच, हे मला त्या मॉडेलसमोर पहिल्यांदा कळलं.

या थराची वीजजोडणीही वेगळी. ट्रॅपेझियसची मुख्य नस मेंदूच्या तळाकडून येते, मेंदूच्या नसांपैकी अकरावी. बाकीच्यांना हातांकडे जाणाऱ्या शाखांमधून पुरवठा. पाठीवर राहतात, पण पाठीच्या मीटरवर नाहीत.

मधला थर बरगड्यांना चिकटलेल्या पातळ पट्ट्यांचा आहे. श्वासाशी त्यांचा संबंध जोडतात. आपल्या तक्रारीत त्याचं काम नाही, पुढे चला.

तिसरा थर पाठीचा स्वतःचा. प्रत्येक मणक्यातून निघणारी नस दोन फांद्यांत फुटते, त्यातली मागची फांदी या स्नायूंना जाते. यात मोठा इरेक्टर स्पायनी. मणक्याच्या दोन्ही बाजूंना हात फिरवला तर उभे उंचवटे लागतात, मध्ये घळ. हेच ते. प्रत्येक बाजूला तीन दोर: बाहेरचा बरगड्यांकडे जाणारा, मधला सगळ्यात लांब, कवटीपर्यंत पोचणारा, आणि मणक्यालगतचा सगळ्यात बारीक.

मला वाटायचं, हे स्नायू आपल्याला सरळ करतात. करतातच, पण त्यांचं जास्तीचं काम उलट दिशेनं चालतं. आपण पुढे वाकतो तेव्हा वजन खाली ओढत असतं आणि हे दोर इंचाइंचानं सैल सोडत आपल्याला सावकाश खाली नेतात, क्रेनचा ब्रेक धरून माल उतरवावा तसं. आता गंमत. उभे राहा, अंगठे कमरेच्या उंचवट्यांवर ठेवा. थोडं वाका, अंगठ्याखाली घट्ट लागेल. गुडघे न वाकवता जितकं जमेल तितकं वाका, एका ठिकाणी ते अचानक मऊ पडतील. पूर्ण वाकलेल्या स्थितीत या स्नायूंचा विद्युत संकेत जवळपास थांबतो आणि वजन मागचे अस्थिबंध (हाडांना हाडांशी बांधणाऱ्या पट्ट्या), पडदा आणि चकती यांच्यावर टांगलं जातं. निरोगी पाठीत हे होतंच. ज्यांची कंबर दुखत राहते त्यांच्यात बऱ्याचदा होत नाही. त्यांचे स्नायू सुटायलाच तयार नसतात. माझे तेव्हा अजिबात सुटत नव्हते. तुम्हाला वाकून दुखत असेल तर हा प्रयोग करू नका.

आणि आता खरा आरोपी. इरेक्टरच्या खाली, मणक्याला अगदी बिलगून मल्टिफिडस असतो. त्याचे तुकडे दोन ते चार मणके ओलांडून तिरके चढतात आणि कमरेत तो सगळ्यात जाड असतो. तो फार मोठी हालचाल करत नाही. एक मणका दुसऱ्यावर घसरू नये, वळू नये म्हणून जागच्या जागी धरून ठेवतो. त्याच्याही खाली अगदी छोटे स्नायू आहेत, एका मणक्यापासून दुसऱ्यापर्यंत. त्यांत ताण ओळखणाऱ्या तंतूंची गर्दी इतकी, की ते मोटारीपेक्षा सेन्सरचं काम जास्त करत असावेत असं मानतात. सेन्सर म्हटल्यावर मी सावरून बसलो.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या लोकांचा मल्टिफिडस सोनोग्राफीनं मोजला. दुखऱ्या बाजूला तो बारीक झालेला होता. दुखणं गेलं, लोक कामावर गेले, पण स्नायू आपोआप भरून आला नाही. ज्यांना त्याचा खास व्यायाम दिला त्यांचा भरला. त्याच लोकांवर पुढे लक्ष ठेवलं तेव्हा व्यायाम केलेल्यांची कंबर पुन्हा कमी वेळा धरली. माझ्या तक्रारीचं नाव "पुन्हा धरणं" हेच होतं, त्यामुळे हे ऐकून मी दोनदा विचारून घेतलं.

मॅडमनी मला पालथं झोपवलं, खालच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं रुतवली आणि म्हणाल्या, "हात न हलवता, फक्त माझ्या बोटाखाली स्नायू फुगवायचा प्रयत्न करा." उजवीकडे थोडं काही झालं. डावीकडे काहीच नाही. अकरापैकी नऊ वेळा मला डावीकडे धरलं होतं.

म्हणजे असं: आतला छोटा स्नायू सुस्त. त्याचं काम बाहेरचा मोठा दोर करतोय. मोठ्या दोराला एकेक मणका धरून ठेवायचं बारीक काम जमत नाही. काही वेडंवाकडं घडलं की मज्जासंस्था घाबरून त्याला आवळून धरते. तीच उसण, तोच पडलेला एमसीबी. मालिश करून आपण दोर सैल करतो, बरंही वाटतं, आणि आतला कामगार तसाच झोपलेला राहतो.

सकाळची बादली काय करते

चकतीला रात्रभर वजन नसतं, ती पाणी ओढून फुगते. सकाळी आपण रात्रीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास वाढ उठल्यावर पहिल्या तासातच जाते. त्या तासात फुगलेली पाठ वाकवायला कडक असते आणि वाकवलं तर चकतीवर व अस्थिबंधांवर ताण जास्त येतो. १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना सकाळी कमरेतून वाकणं टाळायला सांगितलं. त्यांचं दुखणं कमी झालं. आमचा नळ नेमका त्याच तासाला येतो.

दुसरी गोष्ट पान्याच्या गणिताची. लांब पान्यानं नट सहज सुटतो, आखूड पान्यानं घाम निघतो. पाठीच्या नशिबी आखूड पाना आहे. चकतीच्या मध्यापासून हे दोर जेमतेम पाच सेंटिमीटर मागे. पंधरा लिटरची भरलेली बादली, सोळा किलो धरा, चकतीपासून पन्नास सेंटिमीटर पुढे धरली तर तिला तोलायला मागच्या दोरांना सोळा गुणिले पन्नास भागिले पाच, म्हणजे १६० किलोएवढं ओढावं लागतं. यात स्वतःच्या वाकलेल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. तीच बादली अर्धी भरून, पोटाशी पंचवीस सेंटिमीटरवर धरली तर ४० किलो. हिशेब ढोबळ आहे, पण १६० आणि ४० मधला फरक ढोबळ नाही. पोरीनं हे गणित वाचून विचारलं, "बाबा, तुम्ही इंजिनिअरांना शिकवता ना?" मी पेपर वाचायला घेतला.

कारखान्यातल्या दोन वेळांचं कोडंही सुटलं. मी मानेवाड्याहून दुचाकीनं जातो, पाऊण तास. वर्धा रोडवर उड्डाणपुलांची आणि सिमेंट रस्त्यांची कामं चालू असताना तर पाठ सोलून निघायची. बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त डोलतं, आणि खराब रस्त्यावर गाडी त्याच टप्प्यात हादरे देते. शिवाय पुढे झुकून बसल्यानं मागचे अस्थिबंध ताणून लांबतात. वीस मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर पाठीचा ताठपणा दोन मिनिटांत निम्मा परत येतो, पूर्ण यायला अर्धा तासही पुरत नाही. आणि मी गाडी लावून थेट मोटारीचं कव्हर उचलायचो.

दुरुस्ती

सगळ्यात आधी लोड काढला. कूलरला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी भरलं की आपोआप बंद होणारी तोटी, बसवला आणि मोरीच्या नळापासून पाइप ओढला. प्लंबरसकट साडेसातशे रुपये. बायको म्हणाली, "हे मी पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं." सांगितलं होतं. ज्यांच्याकडे नळाला जोर नाही त्यांनी छोटा पाण्यातला पंप टाकीत सोडून पाइप चढवावा. तेही नसेल तर अर्धी बादली, पोटाशी, पायांसकट वळून, आणि उठल्यावर तासाभरानं. नळ जाईपर्यंत पाणी ड्रमात भरून ठेवा, कूलर आठला भरला तरी हवा तीच येते.

दुसरं, वाकण्याची जागा बदलली. माझं वाकणं कमरेत होतं, खुब्यात नव्हतं. मॅडमनी पाठीला उभी काठी लावली: डोक्याचा मागचा भाग, दोन पात्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. आता काठी न सुटता वाकायचं. ढुंगण मागे जातं, गुडघे थोडे वाकतात, मांडीच्या मागे ताण येतो. पहिल्या दिवशी मी वीत-दीड वीतच वाकू शकलो, कारण खुबे गंजलेले. वाकताना काम नितंबाच्या स्नायूनं करायचं असतं. तो शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, आणि कमरेच्या पडद्यातून पलीकडच्या बाजूच्या लॅटिसिमसशी ओढीनं जोडलेला. दिवसभर खुर्चीत बसून तो झोपतो आणि बिल कंबरेच्या नावानं फाटतं. मोजाही असाच उचलायचा. सुरुवातीला नाटकी वाटतं, मग सवय होते.

तिसरा, आतल्या कामगाराला उठवायचा व्यायाम. चारी पायांवर यायचं, म्हणजे तळहात आणि गुडघे. पाठ टेबलासारखी. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर, आठ-दहा सेकंद, मग बाजू बदलायची. वर फार उचलायचं नाही. माझ्या पाठीवर मॅडमनी स्टीलचा अर्धा भरलेला पेला ठेवला. डावीकडच्या वेळी तो तीन आठवडे सांडत राहिला. याच्या जोडीला एका कुशीवर कोपर आणि गुडघा टेकवून कंबर उचलून धरणं, आणि उताणं झोपून एक गुडघा वाकवून, हात कमरेखाली ठेवून, डोकं व खांदे जमिनीपासून दोन बोटं उचलणं. कॅनडाचे पाठीचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी ही तीन एकत्र आणली, असं मॅडमनी सांगितलं. कुशीवरच्या व्यायामात बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधला क्वाड्रेटस लम्बोरम कामाला लागतो. तो पोटाच्या मागच्या भिंतीत आहे, पाठीचा म्हणून मोजत नाहीत, पण एका हातात पिशवी घेऊन बर्डीच्या बाजारात फिरताना आपण एका बाजूला कलत नाही ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

मी सुरुवातीला उत्साहात भुजंगासन आणि दंड-बैठका एकदम सुरू केल्या, चौथ्या दिवशी पाठ आखडली. तो माझा दोष. दहा सेकंदांवर एकेक फेरी वाढवत जायचं, दमून जाईपर्यंत नाही. हे स्नायू दिवसभर मंद आचेवर काम करणारे आहेत, त्यांना दमसास लागतो, कुस्ती नाही.

चौथं चालणं. फुटाळ्याला, अंबाझरीला, किंवा घराभोवती. हात मोकळे सोडून, भरभर. हळू फिरत दुकानं बघत चालण्यानं माझी कंबर उलट दुखते. अंगठे उंचवट्यांवर ठेवून चालून बघा, डावी-उजवी बाजू आळीपाळीनं घट्ट-सैल होताना लागेल. प्रत्येक पावलाला एक छोटा व्यायाम फुकट.

दुचाकीचं मात्र पूर्ण सुटलं नाही. टायरमधली हवा कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवतो, जास्त भरून दगड करत नाही. जामठ्याच्या पुढे एका चहाच्या टपरीशी थांबून पाच मिनिटं उभा राहतो. पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं उचलायचं काम घेत नाही, रजिस्टर भरतो. आमच्या सुपरवायझरला वाटतं मी कागदपत्रांबद्दल गंभीर झालोय.

आणि तरीही धरलीच तर? मला गेल्या वर्षी एकदा धरली, पावसाळ्यात. पहिल्या दिवशी उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या, गुडघे आणि खुबे काटकोनात. त्या स्थितीत बरं वाटतं. गरम पिशवी. डॉक्टरांनी आधी दिलेली गोळी, तीही त्यांना फोन करून, कारण मला आम्लपित्त आहे. पण अंथरुणात पडून राहिलो नाही. दर तासाला उठून घरातल्या घरात चाललो, आधी वाकडा, मग कमी वाकडा. दुसऱ्या दिवशी जिना उतरलो. पूर्वी आठ दिवस लागायचे, या वेळी तीन.

आजची नोंद

पहिले बारा आठवडे रोज वीस मिनिटं केलं, आता आठवड्यातून चार दिवस. दोन उन्हाळे गेले. एप्रिल-जूनमध्ये एकदाही नाही. एमआरआय पुन्हा काढलेला नाही, काढायची गरजही कोणी सांगितली नाही. पट्टा माळ्यावरच आहे, त्यात बायकोनं जुन्या साड्या बांधून ठेवल्यात. पालथं झोपल्यावर डावीकडचा मल्टिफिडस आता बोटाखाली फुगतो, उजव्याइतका नाही.

एक फॉल्ट अजून सापडलेला नाही. डाव्या पात्याच्या आतल्या कडेला, रॉम्बॉइड असतो तिथं, रात्री मोबाइल पाहिल्यावर टोचतं. मोबाइल बंद केला की दोन दिवसांत जातं, म्हणजे लोड कुठं आहे ते कळलंय. तो अजून काढलेला नाही.